सुमोचा मागचा ॲक्सल उजवीकडे सरकलाय, हँगर कापू का?

होटगीरोडकर (शनिवार, रात्री १०.४०)

मंडळी, जरा मदत करा. गाडी टाटा सुमो व्हिक्टा, २००६ ची, वडिलांनी घेतलेली. घरचीच वापरतो. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, वर्षाला असल्याच फेऱ्या. मागच्या महिन्यात आठजण बसून तुळजापूरला गेलो, तर प्रत्येक मोठ्या खड्ड्याला मागच्या उजव्या चाकातून ‘खर्र’ असा आवाज. घरी येऊन बघितलं तर टायरची बाजू मडगार्डला घासून चकचकीत झाली होती.

मागे उभं राहून बघितलं की डोळ्यालाच कळतं. डावा टायर मडगार्डच्या चांगला आत, उजवा अगदी कडेला. मडगार्डच्या कडेवरून दोरा सोडून मोजलं. डावा टायर दोऱ्यापासून ५२ मिमी आत, उजवा २८. म्हणजे ॲक्सल २४ मिमी उजवीकडे गेलाय. शिवाय सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं.

अलाइनमेंटवाला म्हणाला पुढची चाकं बरोबर आहेत, मागे ॲडजस्टमेंट नसतेच. एक फॅब्रिकेशनवाला म्हणतोय दोन्ही बाजूचे हँगर (मागचे कमानपाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, गाडीच्या सांगाड्याला धरणारे ब्रॅकेट) कापून २४ मिमी डावीकडे घेऊन वेल्डिंग मारतो, साडेआठ हजार. उद्या-परवा गाडी नेऊन लावू का?

काळीमाती (१०.५२)

अठरा-वीस वर्षांची गाडी झाली. साडेआठ हजारांत भर घाला आणि देऊन टाका कुणाला तरी.

होटगीरोडकर (१०.५५)

वडिलांना तुम्ही सांगा. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

पाना_तेरा (११.१५)

थांबा हो, कापाकापी नको. आधी गणित. ॲक्सल एक सेंटिमीटर उजवीकडे सरकला तर उजवीकडचं अंतर एकने कमी होतं आणि डावीकडचं एकने वाढतं. फरक दोनाचा दिसतो, सरकणं मात्र एकाचंच असतं. तुमचा फरक २४, म्हणजे सरकला असेल तर १२. त्या फॅब्रिकेशनवाल्याने २४ मिमी डावीकडे घेतला असता तर गाडी तेवढीच उलट्या बाजूला वाकडी झाली असती, आणि तुम्ही परत त्याच्याकडेच गेला असता.

आता फुकटातली तपासणी. मागची दोन्ही चाकं एकमेकांच्या जागी बसवा आणि परत मोजा. घासणं चाकाबरोबर डावीकडे गेलं तर दोष रिमचा, एखादी रिम वेगळ्या ऑफसेटची, म्हणजे चाक जास्त आत किंवा बाहेर ठेवणारी, बसलेली असते. दोन्ही टायर एकाच मापाचे आहेत का बघा, हवा सारखी भरा. जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका. दहा-पंधरा मीटर पुढे-मागे फिरवून पाट्यांच्या टोकांचे रबर बुश आपल्या जागी बसू द्या, मग टेप लावा.

निवृत्त_डेपोवाला (रविवार, सकाळी ६.२०)

एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं कमानपाट्यांखाली काढली, म्हणून लिहितोय. बाळा, तू मडगार्डवरून मोजलंस तिथंच चूक झाली. मडगार्ड हा पत्रा आहे. त्याला डेंटिंग होतं, पुट्टी लागते, तो आत-बाहेर होतो. सुमोला खाली शिडीसारखी वेगळी चॅसी आहे आणि बॉडी तिच्यावर रबरांवर बसवलेली आहे. ॲक्सल चॅसीला बांधलाय, मडगार्डला नाही. मग माप कुठून घ्यायचं?

गाडी सपाट जागी उभी कर. सोलापुरात तुमच्या अंगणात शहाबादी फरशी असेलच, पण फरशी असली म्हणजे ती सपाट असतेच असं नाही. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून चारही चाकांखालची जागा बघ. गाडी रिकामी पाहिजे, हँडब्रेक सोडून चाकाला उटी (अडसर) लाव.

मग ओळंबा घे. पहिल्यांदा चॅसी सरळ आहे का ते बघायचं. चॅसीला दोन्ही बाजूंना कंपनीने पाडलेली सारखी भोकं असतात. पुढच्या बाजूची एक जोडी, मागच्या बाजूची एक जोडी निवड. चारही भोकांच्या मध्यातून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा कर, आणि गाडी ढकलून बाजूला काढ. फरशीवर चार ठिपके राहतील. पुढचा डावा ते मागचा उजवा आणि पुढचा उजवा ते मागचा डावा, हे दोन कर्ण मोज. दोन-तीन मिमीचा फरक हा मोजणाऱ्या हाताचा. दहा-बाराचा आला तर चॅसी वाकली आहे आणि मग बाकी काही करण्यात अर्थ नाही.

चॅसी सरळ निघाली तर पुढं. चॅसीच्या बाहेरच्या अंगापासून टायरच्या बाहेरच्या अंगापर्यंत, दोन्ही बाजूंना. त्याच जागेपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना. आणि तिसरं, जे कुणीच मोजत नाही: पाट्याच्या पुढच्या हँगर पिनच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना. ॲक्सल आडवा सरकणं वेगळं आणि तिरका होणं वेगळं. तुझं स्टिअरिंग उजवीकडे जातंय म्हटल्यावर मला तिरकेपणाचा वास येतोय.

सगळे आकडे इथं लिही. हँगरला हात लावू नको.

शेंगाचटणी (सकाळी ८.०५)

काकांच्या पोस्टला दंडवत. माझाही अनुभव टाकतो, गाडी वेगळी आहे पण दुखणं त्याच घरातलं. माझ्या जुन्या इनोव्हाला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे, आणि ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक लांब लॅटरल रॉड आहे. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलच्या विरुद्ध बाजूला. यालाच पॅनहार्ड रॉड म्हणतात, त्याच नावाच्या जुन्या फ्रेंच मोटार कंपनीवरून.

मी हौसेने स्प्रिंगखाली स्पेसर टाकून गाडी ५ सेंमी उचलली आणि ॲक्सल एका बाजूला गेला. कारण उघड आहे. रॉड वर्तुळातच फिरणार. चॅसीकडचं टोक वर गेलं की रॉड जास्त तिरका होतो, त्याची आडवी लांबी कमी होते, आणि चॅसीकडचं टोक ज्या बाजूला असेल तिकडे ॲक्सल ओढला जातो. समजा रॉड ९० सेंमीचा आहे. मुळात आडवा असेल तर ५ सेंमी उचलल्याने जेमतेम दीड मिमी सरकतो. पण आधीच चॅसीकडचं टोक ८ सेंमी वर असेल तर तेवढ्याच उचलण्याने ६ मिमी. पायथागोरस, आठवी की नववी.

त्यावर उपाय दोनच. लांबी बदलता येणारा रॉड घ्यायचा, नाहीतर चॅसीकडचं टोक ब्रॅकेट लावून परत खाली आणायचं. मी तिसरा केला, स्पेसर काढून टाकले.

सुमोवाल्यांनी हे सोडून द्या, तुमच्याकडे रॉडच नाही. आडवं धरून ठेवायचं कामही पाट्यांचंच.

काळीमाती (८.३०)

एवढं सगळं करण्यापेक्षा कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंट करा ना. पाचशे-हजारात कागद हातात मिळतो.

पाना_तेरा (८.४८)

कागद कुठला मिळतो ते बघायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी फक्त पुढच्या दोन चाकांना मशीनची सेन्सरवाली डोकी लावतात, मागचं मशीनला दिसतच नाही. चारही चाकांना लावली तर मागचा ॲक्सल किती तिरका आहे ते कळतं, त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. पण अख्खा ॲक्सल सरळच राहून बाजूला सरकला असेल, तर चाकांचे कोन सगळे बरोबरच दिसतात आणि कागद हिरवागार येतो. टेप आणि ओळंब्याला अजून पर्याय नाही.

होटगीरोडकर (रविवार, दुपारी ३.१०)

सकाळी सात ते एक अंगणात होतो. उन्हाचं काही बोलू नका. ओळंबा शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून आणला, दोरा आमच्या गल्लीतल्या यंत्रमागावरचा, त्याची सोलापुरात काय कमी. वडील खुर्ची टाकून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, “मोजून गाडी सरळ होते का रे?”

घ्या आकडे, सगळे मिलिमीटरमध्ये.

मागची चाकं अदलाबदल केली. मापं होती तीच. म्हणजे रिमचा दोष नाही.

चॅसीचे कर्ण २२१४ आणि २२१६. चॅसी सरळ, जीव भांड्यात पडला.

चॅसीपासून टायर: डावीकडे ३९६, उजवीकडे ४०४.

चॅसीपासून मडगार्डची कड: डावीकडे ४४८, उजवीकडे ४३२.

हँगर पिनपासून ॲक्सल: डावीकडे ५६८, उजवीकडे ५७५.

आता मलाच शंका यायला लागली आहे. ॲक्सल किती सरकलाय?

मोजमापवाली (दुपारी ४.००)

मी डिप्लोमाच्या मुलांना ऑटोमोबाईल शिकवते, त्यामुळे असे स्वच्छ आकडे बघून बरं वाटलं. परीक्षेत सुद्धा इतके नीट मिळत नाहीत.

टायरचा फरक ८, म्हणजे ॲक्सल उजवीकडे फक्त ४ मिमी. मडगार्डचा फरक १६, आणि तो उलट बाजूचा: उजवी कड आत आलेली आहे. ८ आणि १६ मिळून तुमचे २४. म्हणजे डोळ्याला जे वाकडं दिसत होतं त्यातलं दोन तृतीयांश मडगार्डचं होतं. गाडीला उजवीकडे कधी धक्का बसला होता का?

आता तिसरं माप, खरा आजार तिथे आहे. उजवं चाक डाव्यापेक्षा ७ मिमी मागे. सुमोच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १.४ मीटर. ७ ला १४०० ने भागलं की ०.००५, म्हणजे पाव अंशाहून थोडं जास्त. ऐकायला काहीच नाही. पण मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेपेक्षा तेवढी उजवीकडे बघतायत, आणि रस्त्यावर मागच्या चाकांचंच चालतं. ती सरळ जाणार, मग बॉडीला डावीकडे नाक करून, शेपटी उजवीकडे टाकून पळावं लागतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये सुमारे २.४ मीटर, त्याला ०.००५ ने गुणलं की १२ मिमी. तेवढी शेपटी बाहेर.

पुढची चाकं रस्त्याला सरळ ठेवायची तर बॉडीच्या मानाने ती उजवीकडे वळवावी लागणार. स्टिअरिंग बॉक्समधून तो पाव अंश स्टिअरिंगच्या चाकावर पाच-सहा अंशांचा होतो. घड्याळातल्या एका मिनिटाच्या खुणेएवढा. तुमचं स्टिअरिंग तेवढंच जातंय का बघा.

होटगीरोडकर (४.२०)

ताई, तेवढंच! अगदी एका मिनिटाचं!! आणि हो, २०१६ मध्ये मार्केट यार्डाजवळ एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने मागून उजवीकडे घासलं होतं. डेंटिंग केलं होतं. ते मी विसरूनच गेलो होतो.

निवृत्त_डेपोवाला (सायंकाळी ६.४५)

आता मला सांग, मागचे पाटे कधी उघडले होते? आणि तेव्हा यू बोल्ट (पाटा ॲक्सलला आवळून धरणारे) नवीन टाकले का?

होटगीरोडकर (७.००)

काका, दोन वर्षांपूर्वी उजव्या बाजूचा मेन पाटा तुटला होता, तो बदलला. नाव घेत नाही, पण त्या गॅरेजमध्ये यू बोल्ट जुनेच वायर ब्रश मारून परत लावले. “चांगले आहेत मालक, कशाला खर्च,” म्हणाला.

निवृत्त_डेपोवाला (७.३५)

सापडलं. शंभरातली नव्वद प्रकरणं अशीच असतात.

नीट समजून घे. पाट्यांच्या मधून जातो तो सेंटर बोल्ट. त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. लोकांना वाटतं तोच ॲक्सल धरून ठेवतो. नाही. सेंटर बोल्टचं काम जागा दाखवायचं, आणि पाटे एकत्र ठेवायचं. पकड असते ती यू बोल्टची. यू बोल्ट घट्ट आवळला की पाटा आणि बैठक एकजीव होतात, हलायला जागाच राहत नाही. तो एकदा ताणून लांबलेला असतो, परत वापरला की तसा ताण धरत नाही. थोडा सैल झाला की ब्रेक लागताना ॲक्सल मागे, पिकअप घेताना पुढे, असा हजारो वेळा हलतो, आणि सगळा मार त्या बारक्या सेंटर बोल्टच्या डोक्यावर येतो. एक दिवस डोकं तुटतं. बाहेरून काहीच दिसत नाही. ॲक्सल मग जाईल तिकडे जातो.

टॉर्च घेऊन खाली बघ. उजव्या यू बोल्टजवळ पाट्यावर चमकणारी घासल्याची पट्टी आणि लाल गंजाची पूड दिसली तर माझं म्हणणं खरं. शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या कडीचे, बुशही बघ, पहार लावून आडवा हलव. चार मिमी आडवं सरकणं तिथून आलेलं असणार.

चॅसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय आत शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर तर नाहीच नाही. आमच्या डेपोत यावर वाद नव्हता.

होटगीरोडकर (रात्री ९.१०)

चमकणारी पट्टी आहे. लाल पूड आहे. पहारीने शॅकल आडवा खडखड हलतो. डावीकडे काही नाही, सगळं टणक.

सांगा आता, दुरुस्ती कशी करायची. अक्कलकोट रोडला एक मिस्त्री आहे, भरवशाचा, पण त्याला समोर उभं राहून करवून घेणार.

निवृत्त_डेपोवाला (१०.००)

समोर उभा राहा, पण मध्ये बोलू नको, मिस्त्री चिडतो.

गाडी चॅसीवर घोड्यांवर. ॲक्सलखाली वेगळा जॅक, त्याचं वजन हातात धरल्यासारखं. एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी बांधलेली राहू दे, म्हणजे ॲक्सल भरकटत नाही. ब्रेकच्या होजवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ताण येतोय का ते बघत राहायचं.

पाटा खाली काढल्यावर सेंटर बोल्ट सोडायच्या आधी पाट्यांना दोन्ही बाजूंनी सी क्लॅम्प लावायचा. हे विसरलं की पाटे उसळतात, बोटं जातात. तुटलेलं डोकं बैठकीच्या भोकात अडकलेलं सापडेल. ते काढ आणि भोक बघ. गोल आहे तर ठीक. लांबट झालं असेल तर नवीन बोल्ट टाकून उपयोग नाही, तो परत हलेल. तिथं वेल्डिंगने भरून मापाचं भोक पाडून घ्यावं लागेल, आणि ते लेथवाल्याकडून, ड्रिल हातात धरून नाही.

सेंटर बोल्ट नवीन. शॅकलचे बुश आणि पिना नवीन, दोन्ही बाजूंच्या. यू बोल्ट चारही नवीन, नटांसकट. कंजूषपणा करू नको. आवळताना एक नट पूर्ण आणि मग दुसरा असं नाही, आडव्या-तिडव्या क्रमाने, थोडं थोडं, तीन-चार फेऱ्यांत. शेवटची आवळणी मॅन्युअलमधल्या टॉर्कने, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर दाखवणाऱ्या), नुसत्या पाइप घातलेल्या पान्याने नाही. बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर घट्ट करायचे. लटकत्या पाट्यावर आवळले तर रबर कायमचं पीळ घेऊन बसतं आणि वर्षात फाटतं.

आणि ५०० किमीनंतर परत आवळ. पाटे बसतात, ताण उतरतो.

पाना_तेरा (१०.१२)

हे वाचून मी माझ्या बोलेरोचे यू बोल्ट तपासायला खाली जातोय. रात्र झाली तरी.

होटगीरोडकर (पुढचा शुक्रवार, रात्री ९.३०)

झालं. दिवसभर लागला.

उजव्या सेंटर बोल्टचं डोकं तुटून बैठकीतच बसलं होतं, काका. मिस्त्रीने काढून माझ्या हातात दिलं, एक बाजू आरशासारखी घासलेली. भोक थोडं लांबट होतं, लेथवर नीट करून घेतलं. डावा बोल्ट अखंड होता, तोही बदलला. दोन्हीकडचे बुश, पिना, चारही यू बोल्ट नवीन. मजुरी, लेथ आणि सामान धरून त्या हँगर कापणाऱ्याच्या साडेआठ हजारांपेक्षा कमीच गेले.

आजची मापं. हँगर पिनपासून ॲक्सल: डावीकडे ५६८, उजवीकडे ५६९. चॅसीपासून टायर: डावीकडे ३९९, उजवीकडे ४०१. स्टिअरिंग सरळ. विजापूर रोडला हात सोडून बघितलं (बायकोला सांगू नका), रेघेत जाते.

मडगार्डच्या आतल्या घडीला ट्रॉलीच्या धडकेनंतर दुहेरी पत्रा मारून ठेवला होता, टायर घासत होता तो त्यालाच. ती घडी हातोडीने चापून आत सपाट केली. पाच पोती ज्वारी आणि चार माणसं भरून मुद्दाम खड्ड्यांतून फिरलो, आवाज नाही.

एकच गंमत. घरी आल्यावर वडिलांनी मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाले, “अजून उजवीकडेच दिसतीय की.”

मोजमापवाली (९.५०)

त्यांचं बरोबर आहे. ४४८ मधून ३९९ गेले ४९, ४३२ मधून ४०१ गेले ३१. अजून १८ मिमीचा फरक दिसणारच. त्यातले १६ मडगार्डचे आणि २ ॲक्सलचे. ॲक्सल मधोमध आहे, एका मिमीचा काय तो फरक.

होटगीरोडकर (९.५८)

हे सगळं त्यांना कागदावर मांडून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग मडगार्ड कधी करणार?”

होटगीरोडकर (साधारण तीन आठवड्यांनी)

५२० किमी झाले. पंढरपूर एकदा, अक्कलकोट दोनदा. काकांनी सांगितल्याप्रमाणे यू बोल्ट परत टॉर्क पान्याने बघितले. उजवीकडचे दोन्ही जवळजवळ अर्धा फेरा आत बसले, डावीकडचे त्याहून कमी. मापं जागेवर आहेत, ५६८ आणि ५६९. मडगार्डचं काम दिवाळीनंतर.

निवृत्त_डेपोवाला

अर्धा फेरा म्हणजे ठीक. पुढच्या सर्व्हिसला एकदा बघ. तेव्हा अजिबात हलला नाही पाहिजे.